रिहे ते डेअरी, आरशासकट

रविवार, ११ जानेवारी २०२६

सगळ्यात आधी आली ती शेजारची गंगूबाई. तिला कोणी सांगितलं देव जाणे. मी अजून लुगड्याचा चिखल झटकत होते तर ही दारात हजर. आगं रत्ने, हाडं हायेत का जाग्यावर, म्हणाली. तोंडावर काळजी, डोळ्यात नुसती दिवाळी. मी सांगितलं, मी पडले नाही. मी बसले. मागून डंपरने एवढ्यांदा भोंगा वाजवला की सायकलला वाटलं थांबावं. ती रस्त्याकडेच्या चारीत थांबली, मी तिच्या शेजारी बसले. दूध तेवढं सांडलं. जमिनीला पण कधी द्यावं माणसाने.

गंगूबाई बसली ती बसलीच. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग आल्या दोन बाया, सायकलवर. डोक्यावर टोपडं, डोळ्याला काळा चष्मा. मला वाटलं लाईटबिलवाल्या. तर पाणी मागायला आलेल्या, बावधनच्या. एक साधना, उंच, बँकेत असते. दुसरी रेश्मा, ठेंगणी, हसरी. काय करतेस विचारलं तर म्हणाली घरून काम करते, म्हणजे काही करत नसावी. रविवारी एवढ्या लांब सायकल हाणत येतात. दूध घालायचं नाही, दळण आणायचं नाही, कोणी पाठवत नाही, नुसत्या येतात. शिकलेल्या माणसाला काही ना काही होतंच.

साधनाच्या सायकलला पुरीएवढा आरसा होता. म्हणलं हा कशाला, टिकली लावायला? ती म्हणाली, नाही काकू, मान न वळवता मागचं दिसतं. मी वाकून बघितलं. आणि खरंच की! माझ्या पाठीमागे गंगूबाई माझं पडणं, म्हणजे बसणं, करून दाखवत होती. दोन्ही हात वर, जीभ बाहेर. आणि माझी सून नम्रता ओढणी तोंडात कोंबून हसत होती.

मी तिथेच ठरवलं. आरसा पाहिजे. एवढी वर्षं पाठीमागे काय काय झालं असेल!

संध्याकाळी प्रमोद आला. माझा एकुलता. महाळुंग्याला कंपनीत आहे, सकाळी साडेआठची शिफ्ट. दारातूनच सुरू झाला. आई, बास झालं आता. जाताना दूध मी टाकत जाईन डेअरीवर, सायकल भंगारात घालू. मी म्हणलं, फटफटीवर दूध हिंदकळून ताक होतं. तो म्हणाला, मग मी येत जातो तुझ्या मागे मागे. म्हणलं, मी काय शेळी आहे राखायला?

त्याला कळत नाही, डेअरी म्हणजे काय नुसतं दूध नव्हे. सकाळी फाट्यावर डेअरीला गेल्याशिवाय गावात काय चाललंय ते समजत नाही. कोणाचं शेत गेलं, कोणाची सून माहेरी गेली, कोणी फार्महाऊसवाल्याला म्हैस दाखवून रेडा बांधला. घरात बसून मला कोण सांगणार? आमचे हे? ह्यांचं नाव गेणबा. तोंडाने घेत नाही, लिहिलं तर चालत असावं. दिवसाला चार शब्द बोलतात, त्यातला एक चहा.

शेवटी ठरलं असं. रथसप्तमीपर्यंत मुदत. त्या दिवशी मान न वळवता मागे काय आहे ते बरोबर सांगितलं, तर सायकल राहील. नाही सांगितलं, तर रस्ता बंद. मी म्हणलं चालेल. आरसा लावायला काय अक्कल लागते!

सोमवार, १२ जानेवारी

आरसा विकत कशाला घ्यायचा? ह्यांचा दाढीचा आरसा सुतळीने हँडलला बांधला. लई भारी दिसला. किटली उजव्या हँडलला, आरसा मधोमध.

निघाले. आरशात मी. पूर्ण रस्ता मी आणि मीच. हनुवटीवर एक केस आलाय तो दिसला, नम्रताने कधी सांगितला नाही. दात बघितले. पदर नीट केला. लग्नानंतर एवढा वेळ तोंड बघितलं नव्हतं. तेवढ्यात डंपर शेजारून गेला तेव्हा कळलं की डंपर होता.

डेअरीवर सगळ्या म्हणाल्या, रत्नाबाई आज काय नटून आलात.

म्हणजे आरशाचा फायदा आहे. फक्त बारीक फेरफार पाहिजे.

ह्यांनी दाढी न करता दिवस काढला. तक्रार केली नाही. म्हणजे केली, पण त्या चार शब्दांत बसेना.

मंगळवार, १३ जानेवारी, भोगी

भोगीची भाजी नम्रतावर टाकली आणि वडापच्या जीपने पिरंगुटला गेले, भैरूच्या सायकलदुकानात. सायकल जीपच्या टपावर. जीपवाला कुरकुरला. त्याला सांगितलं तुझ्या आज्याला मी ओळखते, तोही असाच कुरकुरायचा.

भैरू म्हणाला, आज्जी, आरसा कशाला, पुढं बघा आन् हाणा. म्हणलं, गिऱ्हाईक आलंय, दुकानदारी कर. त्याने तीन काढले. एक बारका, साधनाच्या आरशासारखा. तो मी हातात पण घेतला नाही, एवढ्याशात काय दिसायचं? माझ्या मागे अख्खं रिह्याचं खोरं असतं. दुसरा लांबट, त्यात माणूस काकडीसारखा दिसतो. तिसरा मोठ्या फटफटीचा. भाकरीएवढा गोल, कडेने चकचकीत. म्हणलं हाच.

भैरू म्हणाला, हा बसायचा न्हाई. म्हणलं, बसव. त्याने ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या गुंडाळल्या, स्क्रू पिळला, शिव्या दिल्या, बसवला. मग विचारतो, डावीकडं का उजवीकडं?

हा काय प्रश्न झाला! उजवीकडे किटली असते. आरसा डावीकडे.

भैरू बघत राहिला. म्हणाला, आज्जी, गाड्या उजव्या अंगाने जातात. म्हणलं, जाऊ देत की, मी काय अडवलंय?

आता रथसप्तमीची काळजी मिटली. प्रमोदला आजच कबूल करायला लावणार होते, पण तो दमून झोपला.

बुधवार, १४ जानेवारी, संक्रांत

मोठा दिवस. घरात हळदीकुंकू होतं. बारा-पंधरा बाया आल्या, वाण म्हणून चहाची गाळणी दिली. गंगूबाईने दोन नेल्या, एक पदराखाली. आरशात बघितलं.

हो, आरशात! कारण सायकल ओट्यापाशी लावली होती. नवीन वस्तू घरात आली की पूजा नको? ट्रॅक्टरची करतो, मिक्सरची करतो, प्रमोदच्या फटफटीला तर नारळ फोडला होता. आरशाने काय घोडं मारलंय? मी हळदकुंकू घेतलं आणि विचार करत बसले, आरशाचं कपाळ कुठे? शेवटी मधोमध काचेवर लावलं. मग सगळ्याच सवाष्णी पुढे आल्या, प्रत्येकीने एकेक बोट लावलं. गंगूबाईने अख्खा अंगठा दाबला. वर तीळ चिकटवले. इतका देखणा आरसा तालुक्यात नसेल.

नम्रता म्हणाली, आई, आता ह्यात दिसणार काय? पुसून टाका. माझ्या अंगावर काटाच आला. संक्रांतीचं, पाच नव्हे पंधरा सवाष्णींनी लावलेलं कुंकू मी हाताने पुसू? तुझा सासरा ओट्यावर जिवंत बसलाय, म्हणलं.

सासरा म्हणाला, पुस की, मला काय होत न्हाई.

एका दमात सहा शब्द. सण लागला ह्यांना.

पुसलं नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

काल आणि आज दोन्ही दिवस आरसा लावून डेअरीला गेले. आणि लिहून ठेवते, एकही डंपर जवळ आला नाही. एक पण नाही! आधी कसे कानाशी येऊन भोंगे वाजवायचे. आता लांबून कुठूनतरी वाजवतात, अदबीने. फाट्यावर किटली उतरवते, मग सगळे एका मागोमाग एक निघून जातात.

आरशाचा धाक आहे. मागून येणाऱ्याला कळतं ना, बाई बघतेय.

मला काय दिसतं म्हणाल तर बरंच दिसतं. मधे कुंकू आहे, पण कडेने मोकळं आहे. चारी दिसते. वालाचं शेत दिसतं. कोंबड्या दिसल्या. एक बगळा होता. रस्ता तेवढा दिसत नाही, पण रस्ता मी रोज बघते.

प्रमोदचं मात्र काही खरं नाही. त्याची फटफटी रोज बंद पडायला लागली आहे. नम्रता सांगत होती, दोन्ही दिवस कंपनीत उशिरा पोचला. मी त्याला म्हणलं, बघ, तुझी एवढी महागाची गाडी बंद पडते, माझी सायकल पडते का? तो ताटाकडे बघून म्हणाला, पडते की आई, चारीत.

नम्रता हसली. मी मनावर घेतलं नाही.

रविवार, १८ जानेवारी

साधना आणि रेश्मा आल्या. येताना मला खजूर आणला. मी वाट बघत नव्हते, सहज ओट्यावर बसले होते, सकाळपासून.

आरसा बघून रेश्मा जी हसायला लागली ती खाली बसली. साधना हसली नाही. ती बँकेची आहे. तिने चष्मा वर केला आणि विचारलं, काकू, ह्यात तुम्हाला मागचा ट्रक दिसतो? म्हणलं, ट्रक येतच नाहीत. ती म्हणाली, येत नाहीत की दिसत नाहीत? बँकेत अशीच बोलत असणार, म्हणून लोक पतपेढीत जातात.

मग तिने शिकवलं. आरसा उजवीकडे. किटली मागे कॅरिअरला बांधायची. सायकलवर बसून आरसा लावायचा, उभं राहून नाही. आरशाच्या कडेला आपलं कोपर जरासं दिसलं पाहिजे आणि मधोमध रस्ता. आणखी एक सांगितलं, फुगीर काचेत जे दिसतं ते दिसतं त्यापेक्षा जवळ असतं. हे काही मला पटलं नाही. वस्तू असते तिथेच असते.

ती स्वतः बसली, आरसा फिरवला, म्हणाली परफेक्ट. मी बसले. आभाळ. ती माझ्यापेक्षा हातभर उंच, तिचा रस्ता म्हणजे माझं आभाळ. पण तिला वाईट वाटू नये म्हणून म्हणलं, छान दिसतंय. घार होती एक.

जाताना म्हणाली, काकू, ते कुंकू तेवढं पुसा. म्हणलं, व्हय व्हय.

गंगूबाई कुंपणातून विचारते, काय म्हणत्यात तुझ्या मैत्रिणी? मैत्रिणी! मला लई बरं वाटलं, पण दाखवलं नाही. म्हणलं, काही नाही, बँकेचं काम होतं.

मंगळवार, २० जानेवारी

रस्त्याला खड्डे, आरसा आपोआप फिरतो. निघताना आभाळ, मारुतीच्या देवळापाशी माझा गुडघा, फाट्यावर माझंच तोंड. यावर उपाय केला. चिकटवायची ट्यूब आणली, आरसा कायमचा चिकटवायचा. पण बसून बघणार कोण आणि चिकटवणार कोण? ह्यांना सायकलवर बसवलं. म्हणलं, मागचं नीट दिसलं की हां म्हणा. हे बसले आणि लगेच हां म्हणाले. मी ट्यूब पिळली.

वाळल्यावर मी बसून बघितलं. गंगूबाईचं अंगण.

ह्यांना विचारलं, हे दिसत होतं का तुम्हाला? म्हणाले, मला काय दिसत नव्हतं, चश्मा घरात हाय.

पण मी विचार केला, घाई नको. ओट्यापाशी सायकल लावली की कुंकवाच्या कडेने गंगूबाईचं अंगण सगळं दिसतं, अगदी चुलीपर्यंत. आज दुपारी तिने नणंदेला बाहेरूनच वाटेला लावलं, आणि ती गेल्यावर झाकलेली बासुंदी काढली. असं बघायला मिळतं का कुठे? मी दुपारभर सायकलवर बसून होते. नम्रताने विचारलं, आई काय करताय? म्हणलं, सराव.

डेअरीला जाताना तो आरसा काय दाखवतो? झाडं. पण डंपर तरी कुठे येतात? मी रस्त्याने जाते तेव्हा कसं शांत असतं. रस्ता माझ्या नावावर केल्यासारखा.

गुरुवार, २२ जानेवारी

नम्रता चुलीपाशी रडत होती. आधी वाटलं कांदा. मग म्हणाली, प्रमोदला साहेबाने बोलावून घेतलं. रोज उशीर. गाडी बंद पडते, गाडी बंद पडते, किती दिवस ऐकायचं? आता एकदा जरी उशीर झाला, तरी घरी बसा म्हणाला. घर, वैष्णवीचं कॉलेज, सगळं त्याच्याच पगारावर.

वैष्णवी म्हणजे माझी नात. सायकल तिचीच. ती पुण्याला शिकायला गेली आणि सायकल गोठ्यात उरली. मग साठीत मी शिकले, खाचराच्या बांधावर. म्हैस एकटी बघायला होती. तिने कोणाला सांगितलं नाही.

तर प्रमोदला चांगला फैलावर घेतला. म्हणलं, एवढा घोडा झालास, वेळेवर निघता येत नाही? घरातून माझ्याबरोबर निघतोस आणि कुठे अडकतोस? कोणाच्या टपरीवर बसतोस? तो बूट काढत बसला. एक बूट काढून तसाच बसला. ह्यांनी एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तंबाखू मळायला घेतली.

नम्रता म्हणाली, आई, तुम्ही नका हो बोलू त्याला. अहो तो... आणि चुलीत फुंकर घालायला लागली. सुना अशाच. नवऱ्याच्या चुका झाकतात.

मी निश्चय केला आहे. रथसप्तमी झाली की त्याला मी शिस्त लावणार.

शनिवार, २४ जानेवारी

सकाळी सायकल अंगणातच राहिलेली. दहिवर एवढं पडलं होतं की आरशावरून पाणी गळत होतं, आणि कुंकू सगळं वाहून गेलेलं. मी पुसलं नाही. दहिवराने धुतलं, ते चालतं. ह्यांना आधी बघून आले, चहा मागत होते.

शेळीने आरशाला अंग घासून चिकटवलेलंही सोडवून ठेवलं होतं. गंगूबाईचं अंगण गेलं, जरा हळहळ वाटली. पण उद्या परीक्षा. म्हणलं, साधनाने सांगितलं तसं करून तरी बघू. आरसा उजवीकडे घेतला, किटली मागे बांधली. मी स्वतः बसले. कोपर कडेला. रस्ता मधोमध.

आणि दिसला की हो रस्ता! स्वच्छ. आपण पुढे जातोय आणि रस्ता मागे पळतोय, दोन्ही एकदम. मी मोठ्याने हसले. मारुतीला हात जोडायला गेले आणि थोडी वाकडी झाले, तेवढं चालायचं.

देवळाच्या पुढे एक फटफटी दिसली, लांब, बारकी. म्हणलं येऊ दे, बाजू देऊ. येईचना. मी हळू झाले, तीही हळू. मी किटली नीट करायला थांबले, ती थांबली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून चालवणारा उभा. मी पदर गळ्याशी ओढला. गळ्यात बोरमाळ होती. म्हणलं, दूध घे बाबा, माळ सोड.

पुन्हा निघाले. फटफटी निघाली. मग वळणावर नीट दिसलं. फटफटीच्या मागे डंपर. एकामागे एक, चांगली रांग. आणि तो फटफटीवाला रस्त्याच्या मधोमध चालवत होता, डावा हात मागे करून पंजा खाली दाबत, हळू, हळू. पहिला डंपरवाला खिडकीतून डोकं काढून ओरडत होता. फटफटीवाल्याने वळून हात जोडले त्याला. एका हाताने हँडल धरून जमेल तसे.

पाठीवरचा स्वेटर मी विणलेला. एक बाही आखूड झाली होती, तोच.

मी पुढे बघितलं. फाटा येईपर्यंत पुढेच बघितलं.

डेअरीपाशी उतरले तर प्रमोद शेजारून गेला, मान खाली, हेल्मेट पुढे ओढलेलं, ओळख नसल्यासारखा, सुसाट. मग डंपर गेले. एकाने मला दोन्ही हातांनी कोपरापासून नमस्कार केला. मान म्हणून केला नसावा.

आज पोचला असेल का वेळेत?

डेअरीवर बायांनी विचारलं, रत्नाबाई, आज गप्प का? म्हणलं, थंडी आहे.

रविवार, २५ जानेवारी, रथसप्तमी

पोचला होता. जेमतेम. साहेब दारातच उभा होता म्हणे, घड्याळ बघत. नम्रताने सांगितलं. मी विचारलं नव्हतं, नुसती तिच्या मागे मागे फिरत होते.

सकाळी अंगणात दूध उतू घातलं, सूर्याला नैवेद्य झाला. साधना, रेश्मा आल्या. गंगूबाई तर आंघोळ करून, नवं पातळ नेसून, पुढच्या ओळीत खुर्ची टाकून बसली. ह्यांना दाढी करायची होती, ती पण पुढे ढकलली. गर्दी बघून मला लई बरं वाटलं. माझ्या लग्नाला पण एवढ्या उत्साहाने कोणी आलं नव्हतं.

परीक्षा अशी. मी सायकलवर, तोंड रस्त्याकडे. रेश्माने कॅरिअर धरलेलं. प्रमोद मागे चिंचेपाशी. तो काहीतरी वर धरणार, मी आरशात बघून सांगायचं. साधनाने आरसा तपासला आणि म्हणाली, काकू, आता अगदी बरोबर बसलाय, कोणी बसवला? म्हणलं, मीच. तिने माझ्या पाठीवर थाप मारली. सायकल हलली.

प्रमोद ओरडला, आई, सांग काय आहे.

आरशात सगळं दिसत होतं. चिंचेचं पानन्‌पान. प्रमोदच्या हातात सूप होतं, दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं. डोळे सुजलेले. दाढी वाढलेली. रविवार असून तोंडावर सोमवार. नम्रता त्याच्या शेजारी, नखं खात होती. मला त्यांच्या पायाजवळची मुंग्यांची रांग सुद्धा दिसली असती, बघितली असती तर.

मी म्हणलं, कुत्रं.

गंगूबाई खुर्चीतच उडी मारल्यासारखी झाली. आगं कुत्रं काय, कुत्रं! रेश्मा म्हणाली, काकू, घाई करू नका, नीट बघा. प्रमोदने सूप खाली ठेवलं आणि घमेलं उचललं. सांग.

म्हणलं, तात्या आलेत का गं? ह्यांचे मोठे भाऊ, ते वारले त्याला दहा वर्षं झाली.

सगळे हसायला लागले. ह्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला आरसा तिकडे वळवावासा वाटला. प्रमोदने तिसऱ्यांदा काही उचललंच नाही. नुसता उभा राहिला. मी बघत होते. सगळे माझ्याकडे बघून हसत होते, त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. त्याने श्वास सोडला आणि खांदे खाली टाकले, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर माणूस टाकतो तसे. मग नम्रताच्या खांद्याला टेकून उभा राहिला. भर अंगणात. मोठी माणसं समोर असताना.

आरशात दिसतं ते दिसतं त्यापेक्षा जवळ असतं म्हणाली होती साधना. त्या पोरीला थोडंफार कळतं.

मग मी सायकलवरून उतरले आणि सांगून टाकलं की आरसा खराब निघाला. भैरूने फसवलं. फुगीर काच, त्यात सूप पण कुत्र्यासारखं दिसतं. मी काही हरले नाही. पण बोलले ते बोलले, शब्द म्हणजे शब्द. उद्यापासून दूध प्रमोदबरोबर जाईल. सायकल भंगारात जाणार नाही, ती सुट्टीवर आहे. खाचरापर्यंत चालवीन, तिथे मागून कोणी येत नाही, पुढून पण येत नाही. प्रमोद म्हणाला, आई, वाईट वाटून घेऊ नको. म्हणलं, मला कशाला वाईट वाटेल, सकाळच्या थंडीत जायचा मलाच कंटाळा आला होता. फक्त किटली नीट बांध, ताक करू नको.

गंगूबाई जाताना म्हणाली, रत्ने, उद्यापास्नं फाट्यावरची खबर मीच सांगत जाईन तुला. आता हिच्या तोंडून ऐकायचं म्हणजे निम्मं तरी वजा करून घ्यावं लागेल.

रेश्मा मागे राहिली. चहाचे कप उचलायला मदत करते म्हणाली. मोरीपाशी हळूच विचारते, काकू, मी मागे कॅरिअर धरून होते, मला आरशात तुमचे डोळे दिसत होते. तुम्हाला सूप दिसलं होतं ना? म्हणलं, कप नीट विसळ, कडेला साखर राहते. ती विसळत राहिली. जाताना वाकून पाया पडली. घरून काम करते, पण वळण चांगलं आहे.

दोघींना फाटकापर्यंत सोडायला गेले. म्हणलं, तुमच्या बावधनला काय चालतं, कोणाचं पटतं, कोणाचं पटत नाही, एखादी सून माहेरी गेली का, असं काही असेल तर बघून ठेवा आणि येताना घेऊन या. इथे आता मला कोण सांगणार आहे? साधना म्हणाली, आमच्या बिल्डिंगमध्ये शेजारचं नाव पण माहीत नसतं काकू. म्हणलं, मग विचारा, तोंड कशाला दिलंय?

विचारून येतो म्हणाल्या. येत्या रविवारी, एक फेब्रुवारीला.